तुटक रेषेची वाट

पुनावळ्याच्या रानात जायचं तर आधी एक पत्रा ओलांडावा लागतो. बांधकामाच्या जागेला लावतात तसा निळा पत्रा, पुरुषभर उंचीचा. त्याची एक बाजू कुणीतरी आत दुमडली आहे. तेवढ्या फटीतून खांदा तिरका करून, मान घालून माणूस पलीकडे जातो. पत्र्याची धार लागू नये म्हणून कडेवर सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून बसवली आहे आणि तारेने तीन ठिकाणी आवळली आहे. मधल्या तारेच्या जरा वर, बरोबर खांदे घासतात तिथे, ती ट्यूब चकचकीत झाली आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा रान बघायचं सोडून मी त्या ट्यूबकडेच बघत राहिलो होतो.

‘‘काका, इकडून रस्ता आहे का?’’ मी पुढे चाललेल्या एका गृहस्थांना विचारलं. डोक्यावर टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात करंजाची काठी.

‘‘रस्ता नाय, वाट हाय. या,’’ ते म्हणाले आणि पत्रा हाताने धरून उभे राहिले.

पुनावळे पुणेकरांना माहीत असतं ते अंडरपासमुळे. कात्रज–देहूरोड बाह्यवळणाचा महामार्ग गावाच्या अंगावरून जातो. त्याच्याखालचा तो अरुंद बोगदा संध्याकाळी तुंबतो आणि पावसाळ्यात पाण्याने भरतो. एका अंगाला पवना नदी, नदीपलीकडे रावेत. दुसऱ्या अंगाला ताथवडे, त्याच्या पुढे वाकड. आणि पाठीमागे मारुंजी, हिंजवडी. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेने शेजारची गावं पोटात घेतली, त्यांत पुनावळे होतं. नंतरची दहाएक वर्षं गाव गावच राहिलं. ऊस होता, भाजीपाला होता, नदीकाठी मळे होते. मग हिंजवडीतल्या कंपन्यांची माणसं घर शोधत इकडे सरकली आणि भाताच्या खाचरांत वीस-वीस मजले उभे राहिले. आज काटे वस्ती, कोयते वस्ती ही नावं प्रामुख्याने जाहिरातीत ‘लोकेशन’ म्हणून येतात. वस्ती म्हणजे मळ्यातली चार घरं हे ज्यांना सांगावं लागतं, अशी पिढी तिथल्या बाराव्या मजल्यावर वाढते आहे.

या सगळ्याच्या मागे, मारुंजी आणि जांब्याच्या शिवेला लागून, वनखात्याचं रान आहे. डोंगर म्हणवत नाही, टेकाडच. पण वर उभं राहिलं की एकीकडे आयटी पार्कच्या काचा दिसतात आणि हवा स्वच्छ असेल तर वायव्येला घोरावडेश्वराचा डोंगर.

पत्र्यापलीकडे शंभरेक पावलं बांधकामाचा राडारोडा आहे. तो संपला की जुनी गाडीवाट लागते. गाडीवाट कशी ओळखायची ते त्या काठीवाल्या काकांनी दाखवलं: मध्ये गवताची पट्टी आणि दोन्ही बाजूंना खोलगट चर. ही चाकोरी. बैलगाडीच्या धावांनी मुरूम कापून केलेली. ‘चाकोरीबाहेरचा’ हा शब्द आपण पुस्तकांच्या परीक्षणात हजारदा वाचतो, पण चाकोरी कशी असते ते मी पन्नाशीत पुनावळ्यात पाहिलं. एका चाकाचा चर दुसऱ्यापेक्षा खोल आहे. काकांचं म्हणणं, भरल्या गाडीचा भार उताराच्या बाजूला जास्त पडतो, म्हणून. गाड्या बंद होऊन तीस वर्षं झाली तरी पाऊस अजून त्याच चरातून वाहतो आणि ती चाकोरी पुसू देत नाही.

गाडीवाटेने वर चढलं की झाडं सुरू होतात. ‘झाडं’ म्हणताना मी जरा अडखळतो. सरकारी भाषेत हे रोपवन. वनखात्याचा पाटी रंगवण्याचा एक ठराविक साचा असतो: रोपवनाचं नाव, वर्ष, क्षेत्र, प्रजाती, रोपांची संख्या. पाट्यांचा रंग मात्र झाडांपेक्षा लवकर वाळतो; मला दिसलेल्या पाटीवर ‘वर्ष’ या शब्दापुढे फक्त गंज होता. आखणी मात्र अजून स्पष्ट दिसते. उताराला आडवे सलग समतल चर, चरांच्या वरंब्यावर ठराविक अंतराने झाडं. महाराष्ट्रात कुठल्याही टेकडीवर गेलात तर हीच वही, याच रेघा.

या रेघांवर काय लिहायचं ते त्या-त्या दशकाने ठरवलं. सत्तरच्या दशकात उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ने सुबाभळीचा प्रसार केला. मणिभाई देसाईंना गुरांना चारा आणि घराला सरपण देणारं, झपाट्याने वाढणारं झाड हवं होतं. मूळचं मेक्सिकोकडचं हे झाड खरोखर झपाट्याने वाढलं, इतकं की शेंगा फुटून जिथे नको तिथेही उगवलं. त्याच काळात आणि पुढे पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया आला. तोही मध्य अमेरिकेचा. आपल्याकडे त्याला कागदोपत्री ‘गिरिपुष्प’ असं गोंडस नाव मिळालं; लोक ‘उंदीरमारी’ म्हणतात, आणि लॅटिन नावाचा अर्थही नेमका तोच, उंदरांना मारणारा. याची पानं शेताला उत्तम हिरवळीचं खत. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. वनखात्याला तो आवडला त्याचं कारणही हेच. ज्या टेकडीवर रोज शेळ्या चढतात तिथे वड लावला तर सहा महिन्यांत काडी उरत नाही. उंदीरमारी लावली तर दहा वर्षांनी हिरवा आकडा दाखवता येतो.

फाल्गुनात तुम्ही पुनावळ्याच्या किंवा पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या या पट्ट्यात गेलात तर निष्पर्ण फांद्यांवर फिक्या गुलाबी फुलांचे घोस लगडलेले असतात. फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. मीही काढले आहेत. पण खाली बघा. पालापाचोळा जाड, आणि त्यातून गवताचं एक पातं वर आलेलं नसतं. पायाखाली नुसती सळसळ. पक्षी कमी, किडे कमी, आवाज कमी. एकाच प्रकारच्या झाडाखालून अर्धा तास चालताना मला नेहमी सरकारी कचेरीच्या लांब व्हरांड्यातून चालल्यासारखं वाटतं.

मग एकाएकी झाडं विरळ होतात आणि माळ लागतो. हाच या वाटेचा सगळ्यात चांगला भाग, आणि हाच कागदावर ‘पडीक’ म्हणून नोंदला जाण्याची सगळ्यात जास्त भीती असलेला. आश्विनात इथे कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे वाऱ्यावर हलत असतात, तरवड पिवळा फुललेला असतो, बोरीला हिरवी बारीक फळं धरलेली असतात. कुसळीचं गवत सोनेरी व्हायला लागलेलं. त्याची कुसळं मोज्यात शिरतात आणि घरी जाऊन धुतल्यावरही आठ दिवस टोचतात. चंडोल सरळ वर जातो, गात गात, आणि दगड टाकल्यासारखा खाली येतो. टिटवी माणूस दिसला की आरडाओरडा करून सगळ्या माळाला खबर देते. झाडीतून मोराचा आवाज येतो. त्याच वेळी खालच्या सोसायटीच्या क्लबहाउसमधून झुंबा वर्गाचं गाणंही ऐकू येतं.

माळावर झाडं लावली की काम झालं, हा समज आपल्याकडे फार खोल गेला आहे. राज्यात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपं लावण्याचा संकल्प सोडला गेला. संकल्प दरवर्षी फुगत गेला. एवढे खड्डे घ्यायचे कुठे? जिथे झाडं नाहीत तिथे. म्हणजे माळावर. पण गवताळ माळ म्हणजे झाडं उगवायची राहून गेलेली जागा नव्हे. लांडगा, खोकड, ससा, तित्तर, माळढोक यांचं ते घर आहे आणि मेंढपाळाचंही. वनखात्यातही हे आता उमगू लागलं आहे. पुणे जिल्ह्यातच इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू झाली. लोक पैसे भरून गवत बघायला जातात. पुनावळ्याचा माळ त्यांच्या तुलनेत हातरुमालाएवढा. पण तो फुकट आहे आणि अंडरपास तुंबला नसेल तर दहा मिनिटांवर आहे.

या रानाचं नाव पेपरात पहिल्यांदा आलं ते कचऱ्यासाठी.

पिंपरी-चिंचवडचा कचरा १९९१पासून मोशीला जातो. एक्क्याऐंशी एकरांचा तो डेपो. शहर वाढलं तसा मोशीचा ढीग डोंगर झाला, आणि त्या डोंगराच्या वासात राहणाऱ्यांनी साहजिकच विचारलं, सगळ्या शहराचं आमच्याच दारात का? मग समाविष्ट गावांच्या विकास आराखड्यात दुसऱ्या टोकाला, पुनावळ्याला, कचरा डेपोचं आरक्षण पडलं. साल २००८. जागा सुमारे २३ हेक्टर, वनखात्याची. नकाशावर बसून पाहिलं तर निर्णय सोयीचा दिसतो: वस्ती नाही, सातबाऱ्यावर शेतकरी नाही, मोबदला मागणारं कुणी नाही. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर १९८०च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे केंद्राची परवानगी लागते, बदली जमीन आणि बदली लागवड लागते. त्या कागदांच्या येरझारांत पंधरा वर्षं गेली. या पंधरा वर्षांत जिथे वस्ती नव्हती तिथे वस्ती आली. घर घेताना ‘फॉरेस्ट व्ह्यू’साठी चौरस फुटाला जास्त पैसे मोजलेल्या माणसाला २०२३मध्ये कळलं की खिडकीतून दिसणार आहे तो डेपो.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि लोक रस्त्यावर उतरले. दुचाकी फेऱ्या निघाल्या, झाडांना मिठ्या मारून ‘चिपको’ झालं. २६ मार्च १९७४ला चमोलीतल्या रेणी गावच्या बायका गौरादेवींच्या मागे जंगलात गेल्या, तेव्हा त्यांच्या मिठीत देवभूमीची जुनी झाडं होती. पुनावळ्यात काही जणांच्या मिठीत उंदीरमारी आली असणार. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. दारात जे झाड असतं त्यालाच माणूस कवटाळतो. डिसेंबर २०२३च्या नागपूर अधिवेशनात उद्योगमंत्री उदय सामंत यांनी विधानसभेत हा डेपो रद्द करत असल्याचं जाहीर केलं. पुनावळ्यात फटाके वाजले.

मोशीकरांनी त्या दिवशी काय करावं, हा प्रश्न मात्र कुणी फारसा विचारला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोशीला कचऱ्यापासून वीज करणारा १४ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला, रोज ७०० टन सुका कचरा खाणारा. त्याने भार हलका होतो, ढीग नाहीसा होत नाही. पुनावळ्यातल्या ज्या सोसायट्यांनी रान वाचवलं, त्यांचा ओला-सुका डबा आजही मोशीच्याच वाटेने जातो. एवढं तरी टेकडीवर चढताना लक्षात असलेलं बरं.

आंदोलनात नुसत्या सोसायट्या नव्हत्या. पुढे कोण होते? रोज सकाळी त्या पत्र्यातून वर जाणारे. टेल्को, बजाजमधून निवृत्त झालेले कामगार, कानात बोळे घालून धावणारे संगणकवाले, फांद्या मोडून सरपणाची मोळी आणणाऱ्या गावातल्या दोन मावश्या, आणि शेळ्या घेऊन येणारा एक पोरगा. मोर्च्याचे फलक शहरी भाषेत होते, पण मंत्र्यांना नि अधिकाऱ्यांना ‘इथे मोर आहेत, इथे पाणी मुरतं, इथून ओढा निघतो’ हे सांगू शकले ते चालणारेच. खिडकीतून पाहणाऱ्याला रान हिरवं दिसतं, एवढंच.

हे पहिल्यांदा घडलं असं नाही. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात शिंदे-वासुलीला डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीचं संशोधन केंद्र व्हायचं होतं. गावकरी विरोधात होते आणि त्यांच्या पाठीशी वारकरी उभे राहिले. भोपाळच्या युनियन कार्बाइडशी डाऊचं नातं होतंच, पण वारकऱ्यांच्या लेखी आणखी एक गोष्ट होती. शेजारी भामचंद्राचा डोंगर आहे. भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे तुकोबांचे तीन डोंगर. देहूच्या गजबजाटातून उठून ते इथे एकांताला येत, अशी परंपरा. जुलै २००८मध्ये बांधकामाच्या जागेची जाळपोळ झाली. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. २०१०मध्ये कंपनीने तो बेत सोडला. तीनशेसाठ वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या पायवाटेने एकविसाव्या शतकातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला वळसा घालायला लावला, असं कुणी म्हटलं तर ते थोडं अतिशयोक्त होईल, पण अगदी खोटं होणार नाही. वर्षाला एकदा अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या समाजाला ‘ही आमची वाट आहे’ हे वाक्य मोठ्याने म्हणायची सवय असते.

आणि आता मूळ गोष्ट. रान वाचलं. वाट वाचली का?

वाटेला कागद असतो, हे मला फार उशिरा कळलं. इंग्रजांच्या काळात मोजणी होऊन जमाबंदी झाली, तेव्हा प्रत्येक गावाचा नकाशा निघाला. तो गाव नकाशा आजही भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात रस्त्यांची लिपी ठरलेली आहे. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा ग्रामीण गाडीरस्ता दोन तुटक रेषांनी दाखवतात. गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा तो शिवरस्ता. पायमार्ग एका तुटक रेषेने, रुंदी सव्वाआठ फूट. सव्वाआठ! दोन माणसं डोक्यावर भारे घेऊन समोरासमोर आली तरी एकमेकांना न लागता जातील एवढी जागा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोजून सोडलेली आहे. पत्र्यातली फट दीड फुटाची आहे.

शेताच्या बांधावरून जाणाऱ्या वाटा मात्र त्या नकाशात नसतात. त्या वहिवाटीने चालतात. वहिवाट म्हणजे वापर आणि वापरातून आलेला हक्क. शब्दातच वाट बसलेली आहे. अशी वाट कुणी अडवली तर शेतकऱ्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, बांधावरून वाट मागण्यासाठी. आणि आधी असलेली वाट बंद केली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५. त्यासाठी अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जावं लागतं. तहसील कचेरीच्या बाहेर बसणाऱ्या कुठल्याही अर्जनवीसाला ही दोन कलमं तोंडपाठ असतात. २०२१ला मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. तिचं नाव लांबलचक असलं तरी गरज खरी होती. पाणंदीसाठी या राज्यात डोकी फुटली आहेत.

पण हे सगळं शेत असेपर्यंत. गाव महापालिकेत गेलं, विकास आराखडा आला, की नकाशाच बदलतो. आराखड्यातले रस्ते बारा मीटर, अठरा मीटर, चोवीस मीटर. ते ठसठशीत अखंड रेषांनी काढतात. तुटक रेषेला त्यात जागा नसते. जमीन बिगरशेती होते, बांध जातो, बांधावरची वहिवाट जाते, आणि तिच्यावर ज्याचा हक्क होता तो शेतकरीच जमीन विकून मोकळा झालेला असतो. मग वाट मागणार कोण? रोज सकाळी तिच्यावरून चालणाऱ्या भाडेकरूला कलम १४३ नाही. पुनावळ्यात नेमकं हेच झालं आहे. रान जागेवर आहे, त्याला तीन बाजूंनी भिंती लागत आहेत. प्रत्येक सोसायटीला आपल्या भिंतीतून आपल्यापुरतं एक मागचं दार हवं असतं, आणि शेजारच्यासाठी तेच दार नको असतं. एका सोसायटीच्या सुरक्षारक्षकाने मला अडवून ‘कोणत्या फ्लॅटमध्ये जायचंय?’ असं विचारलं. ‘मारुंजीला’ असं मी म्हणालो. वहीत तो रकाना नव्हता.

रानाच्या आतही चालणाऱ्याची कायदेशीर स्थिती मजेदार आहे. १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणं हाच गुन्हा. गुरं चारणं, पेटती काडी टाकणं, यांच्याच रांगेत. म्हणजे पहाटे साडेसहाला काठी टेकत राखीव वनात निघालेले आजोबा कायद्याच्या भाषेत गुन्हेगार. पण त्याच कायद्याच्या कलम २५मध्ये एक सुंदर तरतूद आहे. राखीव वनातली सार्वजनिक किंवा खासगी वाट वन अधिकाऱ्याला बंद करता येते, शासनाच्या पूर्वमंजुरीने; मात्र तिच्याऐवजी पुरेशी सोयीची दुसरी वाट आधीपासून असली पाहिजे किंवा त्याने करून दिली पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीच्या साम्राज्याच्या कायद्यालाही एवढी लाज होती. आजच्या बांधकाम परवानगीत वाट तोडणाऱ्याने दुसरी वाट करून द्यावी, अशी अट मी मागतो आहे ती हवेतून काढलेली नाही.

इंग्लंडात हाच झगडा रानात नव्हे, शिकारीच्या माळावर झाला. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टरकडचे गिरणीकामगार किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम, परवानगीशिवाय चढले. जमीनदारांचे रखवालदार अडवायला आले, धक्काबुक्की झाली, काहींना तुरुंगवास झाला. १९४९ला तिथे कायदा आला आणि प्रत्येक काउंटीने आपल्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करायचं ठरलं. आज पुण्याहून लेकाकडे गेलेले आईवडील परत येऊन सांगतात की तिकडे चक्क शेतकऱ्याच्या गव्हातून, वनखात्याच्या पाइनच्या लागवडीतून पायवाट जाते, फाटकावर बाणाची खूण असते आणि शेतकरी हात हलवतो. त्या बाणामागे तो नकाशा आहे. आपल्याकडे नकाशा त्यांच्याही आधीचा आहे. आपण तो तहसीलच्या कपाटात ठेवला.

चालणारे सगळे साधुसंत असतात असं मात्र समजू नका. माळावर बाटल्यांच्या काचा आहेत, वाढदिवसाच्या केकचे खोके आहेत. रविवारी धुरळा उडवत दुचाकीवाले येतात आणि चाकोरीत नवे चर पाडतात. भटक्या कुत्र्यांना बिस्किटं टाकणारे दयाळू लोक येतात; तीच कुत्री नंतर सशांच्या मागे लागतात. आणि वणवा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. त्याआधी खातं जाळरेषा काढतं, म्हणजे गवताचा एक पट्टा मुद्दाम कापून-जाळून मोकळा करतं, आग तिथे येऊन थांबावी म्हणून. पुनावळ्यासारख्या रानात चालणाऱ्यांच्या निम्म्या वाटा मुळात अशाच जाळरेषा असतात. उलटही खरं: रोज शंभर पायांनी तुडवलेली वाट ही फुकटची जाळरेषा असते. गेल्या उन्हाळ्यात खालच्या उताराला गवत पेटलं तेव्हा आग वाटेपाशी येऊन रेंगाळली. तेवढ्या वेळात सकाळच्या मंडळींनी हिरव्या फांद्या तोडून ती झोडपून विझवली. वाटेच्या एका अंगाला काळं आणि दुसऱ्या अंगाला पिवळं गवत, असा तो पट्टा पाऊस पडेपर्यंत दिसत होता. मी त्यावरून चाललो आहे. पायाखालची वाट जेमतेम दोन फुटांची होती.

वाट आणि रान यांना वेगळं काढता येत नाही, असं माझं मत पुनावळ्यात पक्कं झालं. शहरातल्या वनजमिनीला लोकांपासून वाचवायचं म्हणून जाळी मारून कुलूप लावलं, की काही वर्षांत ती जागा सगळे विसरतात; आणि विसरलेल्या जागेवर आरक्षण टाकणं सोपं जातं. याच्या उलट उदाहरण वारज्याचं. तिथल्या अतिक्रमणं आणि राडारोड्याने भरलेल्या सुमारे चाळीस एकर वनजमिनीवर २०१५पासून वनखातं, महापालिका आणि नागरिकांनी मिळून देशी झाडं लावली, चालायला वाटा केल्या. ५ जून २०२०ला केंद्राने देशात दोनशे नगरवनं करायची योजना जाहीर केली तेव्हा दाखला वारज्याचाच दिला. पुनावळ्याला वारज्याएवढाही खर्च नको. उंदीरमारी हळूहळू विरळ करून खालून खैर, धावडा, पळस येऊ द्यावा. माळाला खड्डे न पाडता माळच राहू द्यावं. आणि गावाकडून, मारुंजीकडून, जांब्याकडून येणाऱ्या जुन्या वाटा उघड्या ठेवाव्यात. काँक्रीटचे ब्लॉक, रंगीत दिवे, हत्तीच्या आकाराचे कचऱ्याचे डबे काहीही नको. हे शेवटचं वाक्य मी विशेष विनंतीपूर्वक लिहितो आहे.

डेपो रद्द झाल्याचं सभागृहात सांगितलं जाणं आणि आराखड्यावरचं आरक्षण उठणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात; दुसरीसाठी नगररचना कायद्याची रीतसर प्रक्रिया लागते. मे २०२५मध्ये शहराचा सुधारित विकास आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला तेव्हा हजारोंनी हरकती घेतल्या. बहुतेकांचा विषय घरावरून जाणारा रस्ता हा होता, ते स्वाभाविकच आहे. पायमार्ग बुजल्याची हरकत घेतलेला माणूस मला भेटायचा आहे.

ती हरकत पुढच्या वेळी तरी घेता यावी. हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, नेरे, सांगवडे आणि गहुंजे ही सात गावं महापालिकेत घ्यायचा प्रस्ताव बरीच वर्षं पुढे-मागे होतो आहे. आज ना उद्या ती येतील आणि पुनावळ्याचं १९९७ तिथे पुन्हा सुरू होईल. तेव्हा वाचणाऱ्यांपैकी जे या भागात राहतात, रोज चालतात, त्यांनी एक सुट्टी भूमी अभिलेख कार्यालयात घालवावी. अर्ज करून, शुल्क भरून गाव नकाशाची प्रमाणित नक्कल मिळते. ती घरी आणून आपल्या चालण्याच्या वाटेवर ठेवून पाहावी. एकेरी तुटक रेषा कुठून निघते, कुठल्या ओढ्याला ओलांडते, कुठल्या शिवेवर संपते ते पेन्सिलीने गिरवावं आणि जिथे भिंत आली असेल तिथे तारीख लिहून फोटो काढावा. पुनावळ्याची नक्कल काढाच, पण मारुंजीची आणि जांब्याची आधी काढा. तिकडे पत्रे अजून लागायचे आहेत.